मॅनेजरचा बोनस मार्चआधी कागदावर यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी जवळ आली की आपल्या दैनिकात कामगारांच्या बोनसच्या बातम्या येऊ लागतात. कुठे किती टक्के ठरले, कुठे बैठक फिसकटली, कुठे तडजोड झाली. त्याच कारखान्यातल्या मॅनेजरच्या बोनसबद्दल मात्र अवाक्षर नसते, कारण तो ठरलेलाच नसतो. आपल्या सोलापुरात अक्कलकोट रोडची औद्योगिक वसाहत असो की चिंचोळीची, टॉवेलच्या कारखान्यांत बऱ्याच ठिकाणी वर्षभर ‘बघू, वर्ष चांगलं जाऊ द्या’ एवढेच बोलणे होते आणि धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी पाकीट हातात पडते. आत एवढेच का, हे देणाऱ्यालाही धड सांगता येत नाही. अलीकडे काही कारखानदार सल्लागाराकडून करार करून घेऊ लागले आहेत. तिथे दुसरे टोक दिसते: इंग्रजीतली दहा-बारा पाने, पंधरा निकष, प्रत्येकाला पाच-सात टक्के वजन. मॅनेजर सही करून कागद कपाटात टाकतो. आम्ही काही जण कारखान्यांचे हिशेब आणि नोकरीचे करार पाहतो. या दोन्ही पद्धतींत मालकाचा पैसा जातो आणि काम मात्र जिथल्या तिथे राहते, म्हणून जरा तपशिलात लिहीत आहोत.

आधी कायद्याची गल्लत दूर केली पाहिजे. 1965 च्या कायद्याने आलेला आणि आता वेतन संहितेत गेलेला बोनस हा हक्काचा बोनस आहे. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत, वेतनमर्यादेत बसणाऱ्या आणि वर्षात किमान 30 दिवस काम केलेल्या माणसाला कमीत कमी 8.33 आणि जास्तीत जास्त 20 टक्के, असा तो आहे. सुपरवायझर या मर्यादेत बसत असेल तर ‘टार्गेट झाले नाही’ म्हणून त्याचे 8.33 टक्के अडवता येत नाहीत. उत्पादनाशी जोडलेला बोनस करार करून देता येतो, पण तोही या किमान रकमेखाली जाऊ शकत नाही. जुन्या कायद्यात 21,000 रुपये मासिक वेतनाची मर्यादा होती. संहितेत ती सरकारने अधिसूचनेने ठरवायची आहे. म्हणून करारात आकडा न घालता ‘त्या वेळी लागू असलेली मर्यादा’ असे लिहावे. मर्यादेवरच्या मॅनेजरला या कायद्याचा आधार नाही. त्याचा बोनस म्हणजे निव्वळ करार, आणि करारात लिहिले नसेल तर काहीच नाही. दोन्ही प्रकार एकाच पाकिटात घालण्याची सवय आधी मोडावी.

आता मोजायचे काय? बहुतेक मालकांच्या तोंडी पहिला शब्द येतो ‘नफा’. ऐकायला रास्त वाटतो, पण टॉवेलच्या कारखान्यात ताळेबंदातला नफा मॅनेजरच्या हातात फार थोडा असतो आणि जेवढा असतो तेवढा भलत्याच बाजूने असतो. एक हिशेब करून पाहा. समजा वर्षाचा स्थिर खर्च (भाडे, पगार आणि इतर ठरलेले खर्च, व्याज सोडून) 60 लाख रुपये आहे. उत्पादन 3 लाख किलो आणि विक्रीही तेवढीच, म्हणजे किलोमागे 20 रुपये स्थिर खर्च पडला. पुढच्या वर्षी मॅनेजरने माग रात्रंदिवस चालवून 4 लाख किलो काढले. विक्री मात्र तितकीच, 3 लाख किलो. आता किलोमागे 15 रुपये पडले. विकलेल्या मालावर 45 लाखच आले. उरलेले 15 लाख गोदामातल्या एक लाख किलो टॉवेलच्या किमतीत जाऊन बसले. एक टॉवेल जास्त विकला नाही, तरी पुस्तकी नफा 15 लाखांनी फुगला. मॅनेजरला त्यावर बोनस मिळाला, मालकाला बँकेचे व्याज आणि धूळ खात पडलेला माल मिळाला. यात लबाडी असलीच पाहिजे असे नाही. ज्याच्यावर पैसे मिळतात ते माणूस करतो, एवढेच.

म्हणून उत्पादन मॅनेजरसाठी नफ्याऐवजी कॉन्ट्रिब्युशन धरावे: विकलेल्या मालाच्या किमतीतून त्या मालाचे सूत, रंग-रसायने, पॅकिंग, वीज आणि तुकड्यावरची मजुरी वजा करावी. स्थिर खर्च त्यात आणूच नये. 45 दिवसांहून जास्त पडून राहिलेल्या तयार मालावर महिन्याला एक टक्का आकार लावून तो यातून वजा करावा. मग गोदाम भरण्यात त्याला रस उरत नाही.

सुताच्या भावाचे काय? तो कापसाच्या बाजारावर चालतो, मॅनेजरच्या शहाणपणावर नाही. भाव उतरला म्हणून त्याला लाख रुपये मिळावेत आणि चढला म्हणून काहीच मिळू नये, यात न्यायही नाही आणि उपयोगही नाही. यावर सोपी तोड आहे. करारात सुताचा एक ठरीव दर लिहायचा आणि वर्षभर हिशेब त्याच दराने करायचा. वापर मात्र प्रत्यक्षातला धरायचा. समजा एक किलो तयार टॉवेलमागे 1.08 किलो सूत ठरवले आणि प्रत्यक्षात 1.12 लागले, तर वाढलेले 40 ग्रॅम त्याच्या खात्यावर. वाया जाणारे सूत त्याच्या ताब्यात आहे, भाव नाही. विक्रीचा दरही मालक स्वतः ठरवत असेल तर तोही असाच ठरीव धरावा. आणखी एक कलम आमच्याकडे हमखास लागते आणि सल्लागाराच्या नमुन्यात कधीच नसते: सूत किंवा रंग मालकाच्या नात्यातल्या पेढीकडून घेतले जात असेल तर हिशेबाला त्या दिवसाचा बाजारभाव धरायचा. काकांच्या दुकानातून चार रुपये चढ्या भावाने घेतलेल्या सुताची शिक्षा मॅनेजरला का?

आता सर्वांत जास्त नुकसान करणारी गोष्ट. ‘एक कोटी कॉन्ट्रिब्युशन झाले तर एक लाख बोनस, नाहीतर शून्य.’ अशी पायरी जवळपास प्रत्येक करारात असते, कारण ती समजायला सोपी आहे. फेब्रुवारीअखेर आकडा 92 लाखांवर असेल तर मार्चमध्ये काय होते ते डिस्पॅच विभागात जाऊन बघावे. एप्रिलची ऑर्डर 30 मार्चला निघते, धड न वाळलेला माल पेटीत भरला जातो, ओळखीच्या व्यापाऱ्याला ‘तूर्त उचल, एप्रिलमध्ये परत कर’ म्हणून बिल फाडले जाते. उलट आकडा 70 लाखांवरच अडकला असेल तर मॅनेजर हात वर करतो. यंदा मिळणार नाहीच, मग दुरुस्त्यांची बिले, सेकंड (दोष असलेल्या) मालाची घट सगळे याच वर्षात दाखवून टाकू, पुढचे वर्ष हलके होईल. वरच्या टोकालाही हेच. ‘कमाल दोन लाख’ असे लिहिले असेल आणि ते जानेवारीतच झाले असेल, तर फेब्रुवारी-मार्चचा माल पुढच्या वर्षासाठी राखून ठेवला जातो. अमेरिकेत हिशेबशास्त्राचे अभ्यासक पॉल हीली यांनी 1985 मध्ये कंपन्यांच्या हिशेबांवरून हेच दाखवले होते: नफा बोनसच्या खालच्या मर्यादेच्या खूप खाली किंवा वरच्या मर्यादेपलीकडे गेला की व्यवस्थापक नफा पुढे ढकलणाऱ्या हिशेबपद्धती निवडतात. मार्च एंड सगळीकडचा सारखाच.

पायरीऐवजी सरळ चढ द्यावा. 80 लाखांपर्यंत काही नाही, ही आधाररेषा. त्यापुढच्या प्रत्येक लाखामागे 5,000 रुपये. एक कोटीला लाख रुपये, सव्वा कोटीला सव्वादोन लाख, 92 लाखांना 60 हजार. 92 वरून 93 ला जाण्यात जेवढा फायदा, तेवढाच 112 वरून 113 ला. मग एप्रिलची ऑर्डर मार्चमध्ये ओढून काय मिळणार? या वर्षी वाढलेले पुढच्या वर्षी तितकेच घटेल. वरची मर्यादा नसली तर मालकाच्या पोटात गोळा येतो, हे आम्हाला ठाऊक आहे. पण प्रत्येक जादा लाखातले 95 हजार त्याच्याकडेच राहतात.

बिल फाडले म्हणजे विक्री झाली, हे विक्री मॅनेजरच्या करारातून काढून टाकावे. पैसे खात्यात आले की विक्री. सूक्ष्म व लघु उद्योगांची बिले लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत चुकती करावीत असे कायदा सांगतोच. तीच मुदत मापाला लावता येते. पंचेचाळीस दिवसांनंतरही येणे असलेली रक्कम त्याच्या विक्रीत धरायची नाही, आली की जमा.

मालाच्या दर्जाचे माप अवघड आहे. सेकंड किती निघाले हे कोण ठरवते? चेकर. चेकर कोणाच्या हाताखाली? बहुतेक शेडमध्ये उत्पादन मॅनेजरच्याच. ज्याचा बोनस सेकंडवर कापला जायचा त्याच्याच माणसाने ‘हा फर्स्ट, हा सेकंड’ म्हणायचे, हे फार दिवस सरळ चालत नाही. पाइल ओढला गेलेला, कड सुटलेला, रंगात फरक असलेला टॉवेल गठ्ठ्याच्या मधोमध सरकतो. चेकरचा पगार आणि हजेरी मालकाकडे किंवा डिस्पॅचकडे न्यावी. यासाठी एक रुपयाही लागत नाही. आणि खरा दर्जा कळतो तो गिऱ्हाइकाच्या तक्रारीवरून, तीही निर्यातीत माल निघाल्यापासून दोन-तीन महिन्यांनी. म्हणून बोनस दोन हप्त्यांत द्यावा. वर्ष 31 मार्चला संपते. अंतर्गत हिशेबावर 60 टक्के मे महिन्यात द्यावेत आणि लेखापरीक्षण झाल्यावर, तक्रारी व परत आलेला माल वजा करून, उरलेले 40 टक्के दिवाळीला. मार्चअखेर घाईने कोंबलेल्या पेट्या तोवर परत आलेल्या असतात. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2019 मध्ये खासगी बँकांच्या मुख्य अधिकाऱ्यांसाठी हेच तत्त्व बरेच कडक करून घातले: बदलत्या वेतनाचा किमान 60 टक्के भाग तीन किंवा अधिक वर्षांत विभागून द्यायचा आणि गैरप्रकार निघाला तर रोखायचा किंवा परत घ्यायचा. टॉवेलसाठी तीन वर्षे थांबायची गरज नाही, सहा महिने पुरतात.

आता त्या पंधरा निकषांकडे वळू. बेंग्ट होल्मस्ट्रॉम आणि ऑलिव्हर हार्ट यांना 2016 चे अर्थशास्त्राचे नोबेल करारांवरच्या कामासाठी मिळाले. होल्मस्ट्रॉम यांनी पॉल मिलग्रोम यांच्यासोबत 1991 मध्ये मांडलेला एक मुद्दा प्रत्येक कारखानदाराने भिंतीवर लावावा असा आहे: एकाच माणसाकडे अनेक कामे असतील आणि त्यातली काहीच मोजता येत असतील, तर मोजलेल्या कामावर जोरदार बोनस लावल्याने न मोजलेले काम मरते. मागाचे तेलपाणी, जेकार्डच्या हार्नेसची निगा, नव्या पोरांना शिकवणे, पाळी बदलताना चार मिनिटे थांबून बोलणे, यांचा आकडा निघत नाही. किलोवर बोनस लावला की ते थांबते आणि दोन वर्षांनी मागाची मोठी दुरुस्ती निघते. यावर सल्लागाराचे औषध म्हणजे आणखी आठ निकष. आमच्या मते ते उलटे आहे. न मोजता येणारे काम जितके जास्त, तितका पक्का पगार जास्त ठेवावा आणि बोनसचा जोर कमी करावा. शेड सांभाळणाऱ्याला वार्षिक पगाराच्या 10-15 टक्क्यांपलीकडे बदलता भाग नसावा. निव्वळ विक्रीवर असलेल्याला 30 टक्के चालेल. निकष दोन, फार तर तीन. सात टक्के वजनाच्या निकषासाठी कोणी झोप मोडत नाही.

नुसत्या आकड्यांच्या मागे लागण्याचे जगजाहीर उदाहरण वेल्स फार्गो बँकेचे. खाती उघडण्याच्या टार्गेटपायी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली गेली. 2016 मध्ये 18.5 कोटी डॉलर दंड झाला आणि सुमारे 5,300 कर्मचारी काढल्याचे बँकेने मान्य केले. अमेरिकेला हसण्यात अर्थ नाही. पतसंस्था आणि बँकांच्या शाखाधिकाऱ्यांना 31 मार्चच्या ठेवींवर मोजले की दोन दिवसांसाठी ठेवी आणल्या जातात, आणि वसुलीच्या टक्क्यांवर मोजले की कर्जाचे नवं-जुनं होते: जुने फेडायला नवे कर्ज, कागदावर वसुली शंभर टक्के. ठेवी मोजायच्या तर वर्षभराच्या रोजच्या शिलकेची सरासरी मोजावी. वसुलीत, त्याच कर्जदाराला मागच्या-पुढच्या 30 दिवसांत नवे कर्ज दिले असेल तर ती रक्कम धरू नये. दोन ओळींची कलमे आहेत.

जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांसाठी तर बोनसचे उत्तम माप हाताशी आहे आणि वापरले जात नाही. कार्यकारी संचालकाला नुसत्या गाळपाच्या टनांवर मोजले की कोवळा, उशिरा पोचलेला, वाळलेला सगळा ऊस गव्हाणीत पडतो आणि उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचा टक्का, घसरतो. एफआरपीचा (उसाला द्यायच्या किमान दराचा) आधारच 10.25 टक्के उतारा आहे, तेव्हा उतारा मोजणे ओघाने आले. पण उतारा पाऊस आणि उसाच्या जातीवरही ठरतो. मग माणसाचे काम आणि आभाळाची कृपा वेगळी कशी करायची? शेजारच्या चार-पाच कारखान्यांच्या त्याच हंगामातल्या सरासरीशी तुलना करून. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो. फरक उरतो तो तोडणीच्या नियोजनाचा आणि मिलच्या कामाचा. साखर आयुक्तालयाकडे कारखानानिहाय गाळप आणि उताऱ्याचे आकडे असतात. सावधगिरी एकच: बी-हेवी मळी (जिच्यात बरीच साखर शिल्लक असते ती) किंवा रस इथेनॉलकडे वळवला की साखरेचा दिसणारा उतारा कमी होतो. ती वळवलेली साखर मिळवूनच तुलना करावी, नाहीतर इथेनॉल करणाऱ्यालाच दंड बसेल.

वर्ष चांगले गेले की पुढच्या वर्षी आधाररेषा 80 वरून 95 लाखांवर न्यायची, ही मालकांची सर्वांत जुनी खोड. मॅनेजर एकदाच फसतो. पुढच्या वर्षापासून तो हात राखून काम करतो, कारण जास्त केले की पुढची रेष वर जाणार हे त्याला कळलेले असते. (तुकड्यावर काम करणाऱ्या कामगाराला हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. फार वेगाने काम दाखवले की दर कापला जातो.) सूत्र तीन वर्षांसाठी बांधून टाकावे. माग वाढवले किंवा कमी केले तर आधाररेषा त्याच प्रमाणात हलेल, एवढी एकच सवलत ठेवावी.

प्रत्येक शक्यता करारात लिहिता येत नाही. एमआयडीसीचे पाणी महिनाभर कपात झाले, मोठा गिऱ्हाईक बुडाला, शेडला आग लागली. हार्ट यांचे म्हणणे थोडक्यात असे की करार अपुराच राहणार, म्हणून न लिहिलेल्या प्रसंगी निर्णय कोणाचा हे लिहून ठेवावे. व्यवहारात दोन ओळी पुरतात: सलग 15 दिवसांहून जास्त उत्पादन बंद राहिले आणि कारण मॅनेजरच्या हाताबाहेरचे असेल, तर आधाररेषा तेवढ्या दिवसांच्या प्रमाणात खाली येईल, वाद झाल्यास दोघांनी आधीच नाव घालून ठेवलेल्या सनदी लेखापालाचा आकडा दोघांवर बंधनकारक राहील. हा लेखापाल कारखान्याचे लेखापरीक्षण करणारा नसावा. मॅनेजर हा कामगार कायद्याच्या व्याख्येत सहसा बसत नाही, त्यामुळे नाव घातलेले नसेल तर प्रकरण दिवाणी न्यायालयात जाते आणि दोन लाखांच्या बोनससाठी तिथे कोणी जात नाही. मालकाला मर्जीने काही द्यायचेच असेल तर सूत्राच्या वर द्यावे. सूत्राने आलेली रक्कम मर्जीने कापता येणार नाही, हे स्पष्ट लिहावे.

मध्येच नोकरी सोडली तर? ‘दिवाळीला हजर असेल त्यालाच’ हे कलम सप्टेंबरमध्ये गेलेल्या माणसाचे आधीच्या पूर्ण वर्षाचे 40 टक्के खाऊन टाकते. पूर्ण झालेल्या वर्षाचा बोनस द्यावाच. चालू वर्षाचा, सहा महिने झाले असतील तर महिन्यांच्या प्रमाणात. चोरी किंवा खोटे हिशेब सिद्ध झाले तर मात्र काही नाही. आणि ‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षे सोलापुरात दुसऱ्या टॉवेल कारखान्यात काम करणार नाही’ हे कलम काढून टाकावे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 प्रमाणे नोकरीनंतरची अशी बंदी टिकत नाही. ‘मुदतीआधी सोडल्यास पाच लाख दंड’ हेही कलम 74 खाली वाजवी भरपाईपुरतेच चालते, आकडा कितीही लिहा.

करार मराठीत, दोन पानांत, 500 रुपयांच्या मुद्रांकावर, दोन प्रतींत करावा आणि मार्च संपण्याआधी दोघांनी सही करावी. दर महिन्याच्या 10 तारखेला एक पानी तक्ता मॅनेजरच्या हातात पडावा: महिन्याची विक्री, सुताचा वापर, सेकंड, परत आलेला माल, आजवरचा बोनस. तो त्याला स्वतःला कॅल्क्युलेटरवर पडताळता आला पाहिजे.

सही करण्याआधी मागच्या तीन वर्षांचे आकडे या सूत्रात घालून पाहावेत. तोट्याच्या वर्षाला घसघशीत बोनस निघत असेल, किंवा ज्या वर्षी मॅनेजरने कारखाना सावरला त्याच वर्षी शून्य येत असेल, तर आधाररेषा किंवा ठरीव दर चुकला आहे. तिन्ही वर्षांची उत्तरे दोघांना पटेपर्यंत आकडे बदलावेत. दोन संध्याकाळींचे काम आहे. पुढच्या 1 एप्रिलपासून लागू करायचे तर फेब्रुवारीत बसायला हवे.

आपले,
कारखान्यांचे हिशेब व करार पाहणारे काही वाचक, सोलापूर